पांढरी कड

१

गीताबाईंच्या घरातून कुठलीही वस्तू सुखासुखी कचऱ्यात जात नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, आणि आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर नात मोना हत्ती-घोडे काढी. अशा बाईची सून प्रणाली घरी बसून स्टिकर कापायचा धंदा करते म्हटल्यावर उरलेल्या कागदांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

हिंदी मुलखातल्या गोहलपुरात, त्यांच्या गल्लीत एका हाताला वेल्डिंगचं दुकान होतं आणि दुसऱ्या हाताला गादीवाला. मध्ये यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीला पश्चिमेकडे भलीमोठी काचेची खिडकी होती. काम उजेडात करावं म्हणून गीताबाईंच्या मुलानं, अश्वजीतनं, ती हौसेनं बसवून घेतली होती. उजेड आला, पण दुपार कलली की ऊनही आलं, आणि त्या खोलीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं झालं.

काम सोपं होतं, निदान बघणाऱ्याला तसं वाटे. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवी. वाढदिवसाचं पोर, नवरा-नवरी, कुणाचं मांजर. प्रणाली लॅपटॉपवर मागचा सगळा पसारा पुसून टाकी, नुसतं माणूस ठेवी, त्याच्याभोवती बारीक पांढरी कड सोडी आणि कडेच्या बाहेरून कापायची रेघ आखी. मग चिकट कागदावर छापायचं आणि तो कागद मशीनवर चढवायचा. पातं त्या रेघेवरून फिरे आणि माणूस आपल्या आकारासकट कागदातून सुटून येई. कड सोडायला तिला अश्वजीतनंच शिकवलं होतं. "माणसाभोवती जरासं पांढरं ठेवाच लागते," तो म्हणे. "नाहीतर पातं अंगाले लागते."

सुटलेले तुकडे गिऱ्हाइकाचे आणि उरलेला भोकाभोकांचा कागद गीताबाईंचा, अशी वाटणी होती. त्या कागदाची पाठ हळूहळू सोलत. क्रर्र असा लांब आवाज होई. मग तो कागद त्या खिडकीच्या काचेवर चिकटवून देत. ऊन अडे. जिथं भोकं होती तिथून तेवढं ते आत येई आणि फरशीवर फुलपाखरं, ससे, मोटारी अशी उन्हाची चित्रं पडत. दुसरीतली मोना शाळेतून आली की दप्तर टाकून या चित्रावरून त्या चित्रावर उड्या मारी.

घरात नव्हता तो फक्त अश्वजीत. दोन वर्षांपूर्वी स्टिकरचं पार्सल पोचवायला तो मोटरसायकलनं कुंडम गावाला निघाला आणि पोचला नाही. जंगलातल्या रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर नीट लावलेली सापडली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, पार्सल मागे बांधलेलं, किल्ली जागच्या जागी. पोलिसांनी, नातेवाइकांनी, विहारातल्या पोरांनी नाला न् नाला पालथा घातला, पण चप्पलसुद्धा मिळाली नाही. आता सगळे म्हणत होते, भंतेजींना बोलवा, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करून घ्या, फोटो भिंतीवर लावा. प्रणाली नाही म्हणे. गळ्यातले काळे मणी तिनं काढले नव्हते. फोटोला हार घातला की तो मेला, आणि हार तिलाच घालायचा होता. तेवढं तिच्या हातून होत नव्हतं.

२

थंडी नुकती पडायला लागली होती. प्रणाली मशीनपाशी बसली होती. मोना उड्या मारता मारता थांबली.

"मम्मी, ये अंकल कौन है?"

"कोणते अंकल?"

"ये. ऊनवाले."

फरशीवर वीतभर उंचीचा एक माणूस पडला होता, उन्हाचा. डोकं, खांदे, बाजूला सोडलेले हात, पाय. डोक्यावर टोपी नाही, हातात फुगा नाही. तो कुठल्या ऑर्डरीतला ते कळावं असं काहीच त्याच्यापाशी नव्हतं.

प्रणालीनं वर खिडकीकडे पाहिलं. तो कागद परवाचा होता. चिराग नावाच्या मुलाच्या वाढदिवसासाठी तिनं वाघाचे बछडे कापले होते. कागदभर बछड्यांची भोकं होती आणि खालच्या कोपऱ्यात, दोन बछड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत, हा माणूस. तिनं लॅपटॉपवर ती फाइल उघडून पाहिली. बछडेच होते.

आता मशीन म्हटलं की चुकतंच. कागदाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा छापलेल्या असतात, त्या वाचून मशीनला कळतं की पातं कुठं न्यायचं. मशीनच्या डोळ्यावर धूळ बसली की पातं भरकटतं. मागे एकदा एका सशाला तीन कान निघाले होते. तसंच काहीतरी वेडंवाकडं कापलं गेलं असेल, आणि आपल्याला त्यात माणूस दिसतो. ढगांत नाही का दिसत? हे सगळं तिनं स्वतःला समजावलं आणि तिला ते पटलंही. तरी ती बराच वेळ फरशीकडे बघत राहिली, कारण तिथं वेडंवाकडं काही नव्हतं. रेघ स्वच्छ होती, आणि त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली होता.

अश्वजीत लहानपणी जांभळाच्या झाडावरून पडला होता. हाड जुळलं, पण नीट बसलं नाही. कुठलाही नवा शर्ट घातला की त्याला तो डावीकडून लांब वाटे, आणि मग तो दुकानदाराला बोल लावी.

३

भोक पडलं म्हणजे तुकडाही पडायला हवा. प्रणालीनं टेबलाखाली पाहिलं, मशीनच्या पोटात बॅटरी मारून पाहिली, सासूबाईंच्या चिंध्यांच्या पिशव्याही उचकल्या. शेवटी चिरागच्या आईला, हेमलताला, फोन लावला.

"दीदी, पाकीट में कोई सादा आदमी तो नहीं आ गया? सफेद?"

"नहीं तो," हेमलता हसली. "सब शेर ही थे. एक तो फ्रिज पे चिपका है."

खरं सांगायचं तर तुकडा न मिळाल्याचं प्रणालीला फारसं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद काचेवरून उतरवून टाकायचा, असं ठरवून ती उठली. दुपारी ऊन आलं, माणूस आला, आणि तिनं कागद उतरवला नाही.

त्याची एक वाट ठरलेली होती. आधी तो मशीनपाशी फरशीवर आडवा पडे, डोकं समोरच्या भिंतीकडे. ऊन उतरत जाई तसा तो फरशीवरून सरकत भिंतीपाशी पोचे. मग आधी त्याचं डोकं भिंतीवर चढे, मग खांदे, मग पोट, आणि शेवटी तो भिंतीवर सरळ उभा राही. घटकाभर उभा राही. मग सूर्य गादीवाल्याच्या छपराआड जाई आणि भिंत नुसती भिंत होई. रोज त्या वेळी प्रणाली हातातलं काम थांबवी. कुणाला गाडीवर बसवून परत यावं तसं तिला वाटे.

तिला अश्वजीत हवा होता. यात गूढ असं काही नाही. तो येताना कागदात गुंडाळून खोव्याची जलेबी आणायचा, ती जलेबी हवी होती. रात्री कूस वळताना तो विनाकारण तिचं नाव घ्यायचा, ते हवं होतं. दोन वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोकांनी तिला पुण्यानुमोदनाची तारीख दिली असती. आता खोलीत कुणी नसलं की ती उन्हातल्या त्या माणसाच्या हातावर आपला हात ठेवी. हात गरम होई. "आज उशीर केला," असं काहीतरी ती पुटपुटे, आणि मग स्वतःचीच लाज वाटून कामाला लागे.

तो मोठा होत होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. पहिल्या दिवशी वीतभर होता, आता मोनाहून उंच झाला होता. थंडीतलं ऊन तिरपं असतं, तिरप्या उन्हात सगळंच लांबतं, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यानं लांबीचं उत्तर मिळत होतं. शेजारचे बछडे मात्र होते तेवढेच राहिले होते, आणि माणूस नुसता लांबला नव्हता, अंगानंही भरला होता. ते का, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही.

गीताबाई आताशा दुपारी तांदूळ निवडायला सूप घेऊन बाहेरच्या खोलीतच येऊन बसत.

"आई, काय पाहून राहिल्या?" प्रणालीनं एकदा विचारलं.

"काही नाही व. ऊन पाहून राहिली."

पण तो सरकत सरकत त्यांच्यापाशी आला की म्हातारी आपले पाय जवळ ओढून घेई, त्याच्यावर पडू नयेत म्हणून. मोना उडी मारायला गेली तर तिला दटावे. "त्याच्यावर पाय नको देऊ बाई. बाकीचे हायेत न तुले."

दोघी त्याबद्दल एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

४

रविवारी अश्वजीतचा धाकटा भाऊ वीरेंद्र आला. तो दीक्षितपुऱ्यात राहायचा, सरकारी नोकरीत होता आणि मनानं चांगला होता. येताना हातोडी आणि खिळा घेऊनच आला. बाहेर मावठ्याचं आभाळ दाटून आलं होतं, खोलीत ऊन नव्हतं आणि फरशी कोरी होती.

"वहिनी, मी भंतेजींसोबत बोललो," तो म्हणाला. "येत्या पौर्णिमेले करून टाकू. भाऊचा एक चांगला फोटो काढून ठेवा. मोठा छापा. तुमच्या हातचा बरा येईन."

"मी हो म्हटलं नाही, वीरेंद्र."

"कवरी वाट पाहान तुम्ही? मोना मोठी होऊन राहिली. तिले शाळेत विचारतात, तुझे पापा काय करतात म्हणून. ती म्हणते, कुंडमले गेले." त्याचा आवाज जरा ओला झाला. "माझाही भाऊच होता न तो."

तो स्टुलावर चढला आणि पूर्वेच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यानं खिळा ठोकला. खाली उतरून तो हात झटकणार, तेवढ्यात थांबला.

"वहिनी, हा लाईट कुठून येऊन राहिला?"

खिळ्याखाली भिंतीवर माणूस उभा होता. फिका, पाणी घातलेल्या चहाच्या रंगाचा, पण डोक्यापासून पायापर्यंत सबंध. ससे नव्हते, फुलपाखरं नव्हती, बछडे नव्हते. बाहेर पावसाचे थेंब पडायला लागले होते. वीरेंद्रनं खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. गीताबाई सुपातले तांदूळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला करत होत्या.

"चलो, मी निघतो," तो म्हणाला. हातोडी तिथंच विसरून तो भिजत गेला.

प्रणाली भिंतीजवळ गेली. त्याचा उजवा हात इतके दिवस अंगाला लागून होता. आता तो अंगापासून जरा सुटला होता आणि तळवा खाली उघडा होता. त्या हाताची उंची तिच्या चांगलीच ओळखीची होती. बाजारात जाताना अश्वजीत हात अस्साच धरायचा, मोनाला न ताणता त्याचं बोट धरता यावं म्हणून.

५

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. रात्री अंथरुणात तिला वाटली. पण सकाळ झाल्यावर भीतीच्या वर दुसरंच काहीतरी तरंगून आलं. वीरेंद्रलाही दिसला, याचा तिला आनंद झाला होता. म्हणजे तो होता.

दुसऱ्या दिवशी एका नर्सरी शाळेचे रंगीत मासे कापायचे होते. मशीननं मासे कापले. काम संपलं की पातं आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबतं आणि मशीन बारीकसं वाजतं. तसं ते थांबलं, वाजलं. प्रणाली कागद काढायला वाकली, तर पातं पुन्हा कोपऱ्यातून निघालं.

मशीनचा प्लग तिच्या हाताशी होता. ओढला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. तिनं ओढला नाही. तोच पुन्हा येतोय, असं तिला वाटलं, आणि ती नवी नवरी वाट बघते तशी श्वास धरून बघत बसली. पातं माशांच्या मधल्या कोऱ्या जागेत हळूहळू फिरलं. एवढं हळू तिनं त्याला कधी फिरताना पाहिलं नव्हतं.

कागद उचलला. खाली कापायच्या मॅटवर मासे होते, जास्तीचा तुकडा नव्हता. कागदात मात्र एक छोटं भोक पडलं होतं. फ्रॉकचा घेर. दोन वेण्या, रिबिनीनं दुमडून बांधलेल्या. एक हात वर, बाजूला, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा.

ती मोनाच होती. हा कागद फाडायचा, आत्ताच्या आत्ता. पण दारात नर्सरीची बाई अपूर्वा येऊन उभी राहिली होती आणि तिला घाई होती. प्रणालीनं मासे पाकिटात भरले, तिला दिले, दोन शब्द बोलली, दार लावलं. वळली तेव्हा खोलीतून आवाज आला. क्रर्र.

गीताबाईंनी पाठ सोलून कागद काचेवर लावलाही होता. त्यात त्यांचा काय दोष? उरलेला कागद त्यांचा, आणि वर्षानुवर्षं त्या हेच करत होत्या. खिडकीत एकच जागा मोकळी होती, त्या माणसाच्या शेजारची. काठाला काठ नीट लागला होता. त्याची बोटं संपत होती तिथं हिची बोटं सुरू होत होती.

"आई, हा काहून लावला?"

"ऊन लागे न तिथून," गीताबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "जागा होती."

प्रणालीनं कागदाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. कागद पक्का बसला होता. जोर लावला असता तर निघाला असता, पण तिनं लावला नाही. ती मागे सरली आणि काचेवरच्या त्या दोघांकडे बघत राहिली. बाप-लेकीला एकत्र पाहून दोन वर्षं झाली होती. एक संध्याकाळ बघू, तिला वाटलं. एकच. उद्या सकाळी काढून टाकू.

६

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. मोना शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि उडी मारली नाही. फरशीवर दोघं पडले होते, मोठा आणि छोटी. ती त्यांच्या बाजूनं चालू लागली. ते सरकले की ती एक पाऊल सरके. प्रणाली आतल्या खोलीत चहा ठेवत दारातून बघत होती. गीताबाई तिच्याजवळ वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. प्रणालीचे डोळे भरून आले होते आणि चहाकडे तिचं लक्ष नव्हतं.

दोघं भिंतीवर चढले. मोना भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिथं दाराच्या चौकटीमुळे ती प्रणालीला दिसेनाशी झाली.

क्रर्र.

आईंनी पुन्हा कुठला कागद काढला, असं प्रणालीच्या मनात आलं. मग तिला गीताबाईंचे हात दिसले. ते शेंगांवर थांबले होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आवाज चालूच होता. सावकाश, न फाटू देता सोलावं तसा.

प्रणाली धावली.

मोना भिंतीवरच्या छोटीत उभी होती, अगदी मापात. एक हात वर. तिच्याभोवती सगळीकडून पांढरी कड होती, बारीक, सारख्या रुंदीची. कानाभोवती, वेणी आणि मान यांच्यामध्ये, बुटांच्या खाली. उन्हात उभं राहिलं की कडेनं उजेड दिसणारच, प्रणालीच्या मनानं एवढ्यातही सांगून पाहिलं.

"मोना, इकडे ये."

मोनाची पापणी हलली नाही. ओठ तेवढे हलले. "पापा बोल रहे, हिलना मत."

फोटो काढताना अश्वजीत हेच म्हणायचा. आणि तेव्हाच प्रणालीला खाली मोनाच्या डाव्या पायाशी दिसलं. तिथं कड भिंतीपासून सुटली होती. कोपरा वर आला होता, आणि त्याच्याबरोबर बूट, मोजा, फ्रॉकची किनार वर येत होती, कागदासारखी पातळ. मागे काय होतं ते तिनं पाहिलं नाही. पाहिलं असेल तर तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती खिडकीकडे वळली. गीताबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"थांब व. जरासं थांब. येऊन राहिला तो."

"येऊन नाही राहिला, आई! पोरीले नेऊन राहिला!"

तिनं एकदा मागे पाहिलं. तो उंच, उजळ, एक खांदा खाली. तिच्या सबंध अंगाला त्याची ऊब लागत होती. त्यानं एकदा आपल्याकडे बघावं, मग मी काहीही करीन, असं तिला वाटलं. खरोखर वाटलं. पण तो फक्त हात धरून उभा होता, आणि आवाज गुडघ्यापर्यंत आला होता.

तिनं मनगट सोडवलं आणि दोन्ही हातांची नखं कागदाखाली घातली. नखं मोडली. छोटीचा कागद काचेवरून फाटत, किंचाळत निघाला, आणि पांढरं ऊन सपकन आत आलं. मोना फरशीवर पडली आणि रडायला लागली. तिचा डावा बूट भिंतीपाशी उपडा पडला होता.

भिंतीवर तो एकटा उरला. हात तसाच, रिकामा. प्रणाली लेकीला छातीशी धरून बसली आणि सूर्य छपराआड जाईपर्यंत तिला त्या हाताकडे बघवलं नाही आणि दुसरीकडेही बघता आलं नाही. आतून चहा करपल्याचा वास येत होता. अंधारल्यावर ती ओलं फडकं घेऊन खिडकीशी गेली. त्याचा कागद तिनं फाडला नाही. कड न् कड भिजवून तो अलगद सोडवला.

७

पौर्णिमेला भंतेजी आले. घर माणसांनी भरलं. अश्वजीतचा फोटो वीरेंद्रच्या खिळ्यावर गेला आणि प्रणालीनं आपल्या हातानं त्याला हार घातला. काळे मणी काढून ठेवले. आता हिनं मनावर घेतलं, असं बाया आपसात म्हणाल्या. वीरेंद्र रडला आणि मोकळा झाला. खिडकीला जाड पडदा लागला. मोना बरी आहे. तिच्या डाव्या टाचेभोवती पांढरी रेघ राहिली आहे, जुन्या खरचटल्याची असावी तशी. प्रणाली तिला रोज खोबरेल लावते. रेघ जात नाही.

मशीन बंद ठेवून चालणार नव्हतं. पोट त्याच्यावर होतं. एका दुपारी काम संपलं, मशीन वाजलं आणि पातं पुन्हा कोपऱ्यातून निघालं. या वेळी प्लग ओढायला प्रणालीचा हात गेला होता. तो तिथंच राहिला. पात्यानं बाई कापली. मानेवर सैल अंबाडा, एका बाजूला जरा पुढे केलेला हात. प्रणालीनं तो कागद उजेडावर धरून पाहिला आणि हात आपल्या अंबाड्याकडे नेला.

तो कागद तिनं अश्वजीतच्या कागदाबरोबर गुंडाळला आणि लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली ठेवून दिला.

"ते कागद कुठं हायेत व?" गीताबाईंनी त्या आठवड्यात विचारलं.

"फेकले, आई."

या घरात काय फेकलं जातं हे गीताबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी मोना शाळेत गेल्यावर त्या आतून आल्या त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीचं पांढरं पातळ नेसून. केस चापूनचोपून बसवलेले. त्यांनी पडदा सरकवला आणि फोटोखाली भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. उभ्या जन्मात त्यांनी कधी हौसेनं फोटो काढून घेतला नव्हता.

"माझा फोटो काढ," त्या म्हणाल्या. "उभा. हात मी असा ठेवते."

"आई..."

"मले पहिले जाऊ दे, बाई. तुझा नवरा हाये, पण माझा लेक हाये. नऊ महिने वागवला मी त्याले."

प्रणालीला त्या क्षणी सासूचा राग आला. ही पुढे जाणार आणि तो आधी हिचा हात धरणार, म्हणून आला. मग तो राग तिचा तिलाच दिसला आणि ती म्हातारीपाशी जाऊन उभी राहिली. म्हातारीचा हात पुढेच होता.

"मोनाले कोण पाहीन, आई? तिचं शिक्षण होऊ द्या. तिचं घर होऊ द्या. मग पाहू आपण."

"तवर तो थांबन का व?"

"आपण थांबलो न," प्रणाली म्हणाली.

गीताबाईंनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. बाहेर वेल्डिंगचं मशीन सुरू झालं होतं आणि फरशीवर सबंध, कोरं ऊन पडलं होतं. प्रणालीनं थोडा वेळ त्या उन्हाकडे पाहिलं. मग, फोटो तेवढा काढून ठेवू असं मनाशी म्हणून, टेबलावरचा मोबाइल उचलला, दोन पावलं मागे सरली, आणि म्हातारीच्या चारी बाजूंनी कडेसाठी जरा जास्तीची जागा सोडली.

"हात तसाच ठेवा, आई," ती म्हणाली. "हलू नका."